पापा रॅम्पवर आहेत

पोप एक्केचाळीस सेकंदांत वर पोचले आणि मॉन्सिन्योरांनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा," ते म्हणाले.

पोप म्हणजे खरे पोप नव्हेत. सव्वीस वर्षांचा एक सेमिनारियन होता, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घेणारा. रिहर्सलपुरतं त्याला पोपच्या जागी उभं केलं होतं. पायांत ट्रेनर्स, अंगावर रेनकोट. दुसऱ्या खेपेला तो मुद्दाम सावकाश चालला आणि पन्नास सेकंदांत पोचला. तिसऱ्या खेपेला त्याने कमरेत वाकून म्हाताऱ्याची नक्कल केली, तेव्हा मॉन्सिन्योरांनी त्याला परत पाठवलं आणि माझ्याकडे बघितलं. काही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात. तेच माझं काम आहे.

मी शो कॉलर आहे. मोठ्या कार्यक्रमात दिवे, आवाज, पडदा, गाणं, माणसं हे सगळं ज्याच्या त्याच्या वेळेला सुरू व्हावं लागतं. ती वेळ एकच माणूस सांगतो. तो हेडसेट लावून एका केबिनमध्ये बसतो, आधी 'स्टँडबाय' म्हणतो आणि मग 'गो' म्हणतो. त्या 'गो'ला आम्ही क्यू म्हणतो. मी 'गो' म्हटल्याशिवाय कोणी काही करायचं नाही आणि म्हटल्यावर कोणी विचार करायचा नाही. बावीस वर्षं मी हे करते आहे. गाड्यांची लाँच, युनिव्हर्सिट्यांचे समारंभ, ईलिंगच्या एका पार्कातली दिवाळी, सगळं केलंय. पण पोपची मिस्सा एकदाच केली.

काही वर्षांपूर्वी पोप इंग्लंडला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. मिडलंड्समधल्या एका मोठ्या मैदानावर त्यांची मिस्सा होती. मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. मी नाशिकची. घरच्या सत्यनारायणापलीकडे मला विधींचा अनुभव नाही, आणि त्यातही माझं लक्ष शिऱ्याकडे असायचं. त्यामुळे तीन आठवडे मी जुने व्हिडिओ बघून नोट्स काढल्या. पोप डोक्यावरची उंच टोपी कधी घालतात, कधी काढतात, ती कोण हातात घेतं. वेदीवर सात मेणबत्त्या का. तर बिशप स्वतःच्या मुलखात मोठी मिस्सा करतात तेव्हा सातवी मेणबत्ती लावतात, आणि पोपना सगळं जगच स्वतःचा मुलूख, म्हणून ते जातील तिथे सात. असल्या गोष्टी मला आवडतात. नियम असला की क्यू लिहिता येतो.

मॉन्सिन्योर म्हणजे आमचे क्लायंट. पोपच्या विधींचं काम बघणारं एक वेगळं ऑफिस व्हॅटिकनमध्ये आहे. पोप कुठेही जायचे असले की तिथले धर्मगुरू आधी जाऊन जागा बघतात, पायऱ्या मोजतात, खुर्चीची उंची तपासतात. हे त्यातलेच एक. साठीचे, बारीक, काळे बूट कायम चकचकीत. मॉन्सिन्योर ही पदवी आहे, नाव नव्हे. मी मात्र शेवटपर्यंत त्यांना त्याच नावाने हाक मारली.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मिस्सेच्या सुरुवातीला पोप मिरवणुकीच्या शेवटी येतात. लांबलचक रॅम्प, मग चौदा पायऱ्या, मध्ये एक टप्पा, वर वेदी. ते रॅम्पवर पाऊल टाकतात तेव्हा कॉयरने, म्हणजे गायकवृंदाने, गाणं सुरू करायचं आणि ते वेदीपाशी पोचतात तेव्हा गाणं संपायचं. मग पोप वाकून वेदीचं चुंबन घेतात. त्या वेळी पूर्ण शांतता हवी.

"त्यानंतर ऑर्गन वाजू दे, धूप होऊ दे, काहीही होऊ दे," ते म्हणाले. "पण ते दहा सेकंद मला द्या."

गाणं होतं पावणेतीन मिनिटांचं. पोप रॅम्पला किती वेळ घेणार हे तरुण माणसाला चालवून कळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाताना मॉन्सिन्योर म्हणाले, "पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पूर्वी पोपना उचलून आणत." मग त्यांनी सांगितलं. एक खुर्ची, तिला दोन लांब दांडे, लाल कपडे घातलेली बारा माणसं ती खांद्यावर घ्यायची. दोन्ही बाजूंना उंच काठ्यांवर पांढऱ्या पिसांचे मोठे पंखे. मी म्हटलं, हे आमच्याकडेही असतं, पालखी आणि मोरचेल. त्यांनी दोन्ही शब्द माझ्याकडून लिहून घेतले. विधी सांभाळणाऱ्यांनी सगळं टिपून ठेवायचं ही त्यांच्या ऑफिसातली शेकडो वर्षांची सवय आहे. कोण कुठे उभं होतं, कोणाला उशीर झाला, कोण कोणाच्या पुढे घुसलं, सगळ्याच्या डायऱ्या आहेत. नवे पोप झाले की त्यांच्यासमोर काठीच्या टोकाला सुक्या धाग्यांचा पुंजका लावून तो तीनदा पेटवायचे, तेही त्यांनी सांगितलं. भपकन जळून जायचा. जगाचं वैभव असंच जातं, असं त्या वेळी त्यांना लॅटिनमध्ये सांगायचे. आमच्या धंद्यात हे काम शोनंतरच्या मीटिंगमध्ये होतं.

"मग ते सगळं बंद झालं," मॉन्सिन्योर म्हणाले. "लोक म्हणाले, साधेपणा आला, फार चांगलं झालं. झालंच. पण बारा माणसं एका तालात चालत होती तेव्हा आम्हाला घड्याळ लागत नव्हतं. आता पोप स्वतःच्या पायांनी चालतात. आता घड्याळ लागतं."

ते बोलत होते आणि मी मैदानाकडे बघत होते. कोचच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसच्या, पार्किंगच्या बाजूने एक गृहस्थ येत होते. पिवळं जॅकेट, पांढरे केस, बेताची उंची, उजव्या गुडघ्याला जरा जपत, पाऊल सबंध टेकवून मगच दुसरं उचलणारे. तीन आठवडे मी तीच चाल स्क्रीनवर बघत होते.

मी धावतच गेले. बॅजवर लिहिलं होतं इनास तुस्कानो, साउथहॅम्प्टन, व्हॉलंटियर. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी माझा बॅज वाचला, वृंदा कुलकर्णी, आणि म्हणाले, "मराठी काय?"

तेरा दिवस मी मराठीत कोणाशी बोलले नव्हते. मला एकदम बरं वाटलं.

इनासकाका वसईचे. एकोणीसशे साठच्या दशकात बोटीवर लागले, लाँड्रीत. पुढे साउथहॅम्प्टनलाच घर केलं, तिथूनच बोटी सुटायच्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. रिटायर झाल्यापासून ते रोज चर्चमध्ये मिस्सेला फादरांच्या हाताशी असायचे, ऑल्टर सर्व्हर म्हणून. विधी त्यांना पाठ होता. मी काम सांगितलं. दोन दिवस पोप व्हायचंय.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "मी लग्न झालेला माणूस आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, रिहर्सलला चालतं.

ते चालले आणि मॉन्सिन्योर खुर्चीतून उठून उभे राहिले. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. पुन्हा, दोन पन्नास. पुन्हा, दोन सत्तेचाळीस. टप्प्यावर ते थांबायचे, एक श्वास घ्यायचे, मग पुढचं पाऊल. खऱ्या वस्तू रिहर्सलला वापरायच्या नाहीत, म्हणून हातात झाडूचा दांडा दिला होता. एरवी बिशपांच्या हातातली काठी वर वाकडी असते, मेंढपाळाच्या आकडीसारखी. पोपची सरळ असते, वर क्रूस. त्यामुळे झाडूचा दांडा चांगलाच शोभला.

आता नावाचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. क्यू शीट म्हणजे मिनिटामिनिटाचा कागद. त्यात प्रत्येकाला एक अक्षर असतं. पोपना मी 'पी' दिलं. रेडिओवर अक्षरं नीट ऐकू येत नाहीत म्हणून आमच्याकडे अक्षराऐवजी ठरलेला शब्द बोलतात, आणि 'पी'चा शब्द आहे 'पापा'. इटालियन भाषेतही पोप म्हणजे पापाच. मॉन्सिन्योर खूश झाले. क्रू खूश झाला. रॅम्पच्या पायथ्याशी मँचेस्टरची शॅरन होती, आमची जुनी स्ट्युअर्ड, म्हणजे ये-जा सांभाळणारी. इनासकाकांनी पाऊल टाकलं की ती रेडिओवर म्हणायची, "पापा रॅम्पवर आहेत," आणि मी म्हणायचे, "कॉयर, गो." दोन दिवसांत आठ वेळा. दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत लोक इनासकाकांनाच पापा म्हणू लागले. मीही म्हटलं असेल.

त्याच चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, तुम्ही पोपना पूर्वी कधी बघितलंय का. सहज विचारलं होतं.

"तीनदा चुकलं," ते म्हणाले.

पोप मुंबईला आले होते तेव्हा सगळं गाव गेलं होतं. ते चार महिन्यांपूर्वीच पहिल्या बोटीवर चढले होते. आईचं पत्र दोन महिन्यांनी कुठल्याशा बंदरात मिळालं. तिने लिहिलं होतं, पोपमहोदय माझ्या समोरून गेले, एवढ्या जवळून, आणि तू नव्हतास. पुढे दुसरे पोप इंग्लंडला आले, तेव्हा ते अटलांटिकवर होते. तेच पोप पुढे मुंबईला आले, तेव्हाही हे बोटीवरच. आई त्या वेळीही बघायला गेली होती, पुतण्याच्या खांद्याला धरून. ती जाईपर्यंत दर पत्रात तेच असायचं. एकदा तरी बघ, म्हणायची.

"मला काही मागायचं नाही त्यांच्याकडे," इनासकाका म्हणाले. "नुसतं बघायचंय. इतकी वर्षं झाली की आता त्याला कारणसुद्धा राहिलेलं नाही."

मला ते फार लागलं. माझे वडील गेले तेव्हा मी ग्लासगोला एका शोवर होते. क्यू एकशे बारा चालू होता, आणि मी एकशे तेरा दिला. लोकांचे सोहळे वेळेवर लावणारी माणसं स्वतःच्या घरी कायम उशिरा पोचतात, हे मी कोणाला बोलून दाखवत नाही. त्या दिवशी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "बाय, माझा पास गेला म्हणतात," ते म्हणाले. वसईकडे लेकीबाळींना बाय म्हणतात.

मैदानात येणाऱ्या प्रत्येकाकडे आपापल्या चर्चमार्फत मिळालेला पास होता. साउथहॅम्प्टनच्या कोचमध्ये त्यांची सीट होती, मैदानात पुढून तिसऱ्या ब्लॉकमध्ये जागा होती. पार्किंगचं काम संपलं की ते तिथे जाऊन बसणार होते. मी त्यांचं नाव क्रूमध्ये घातलं आणि एका माणसाला एकच पास या नियमाने कॉम्प्युटरने जुना पास रद्द केला. मैदानातली जागा वेटिंग लिस्टवरच्या दुसऱ्या कोणाला गेली. क्रूच्या पासावर मैदानात जाता येत नाही. म्हणजे मी हौसेने त्यांना दोन दिवस पोप केलं आणि खऱ्या पोपना बघायची जागा काढून घेतली.

त्यांनी मला एक शब्दही लावला नाही. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. "तुमची जागा मी बघते," मी म्हटलं.

पासच्या ऑफिसात मला सांगितलं की लिस्ट बंद झाली. सिक्युरिटीच्या साहेबांनी तेच जरा जास्त नम्रपणे सांगितलं. शेवटी मी मॉन्सिन्योरांकडे गेले. त्यांनी क्यू शीट मागितलं, रॅम्पच्या पायथ्यावर पेन्सिल ठेवली. पोप तंबूतून, म्हणजे जिथे ते मिस्सेचे कपडे घालतात तिथून, बाहेर पडून इथून वळणार होते.

"शॅरनच्या शेजारी एक स्ट्युअर्ड वाढवा," ते म्हणाले. "पोप त्यांच्यापासून तीन पावलांवरून जातील."

इनासकाकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. मग उठून केस कापून घ्यायला गेले.

मिस्सेच्या दिवशी पहाटेपासून बारीक पाऊस होता. इंग्लंडमध्ये पाऊस ही बातमी नसते, पण त्या पावसाने रॅम्पच्या कॅमेऱ्याची केबल भिजली आणि दहाला वीस कमी असताना माझ्या केबिनमधला स्क्रीन निळा झाला. केबिनला खिडकी नव्हती. टीव्हीवाल्यांची गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. इंजिनियर केबल बदलायला पळाला आणि मी रेडिओवर राहिले. मी घाबरले नव्हते. आठ रिहर्सल झाल्या होत्या.

दहाच्या सुमाराला रेडिओवर शॅरनचा आवाज आला. "पापा रॅम्पवर आहेत."

मी म्हटलं, "कॉयर, गो."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं तेव्हा हेडसेटमध्ये मॉन्सिन्योर होते. ते इंग्रजी विसरले होते. मग आठवलं. "हे कोणी सुरू केलं? पोप अजून गाडीत आहेत. लोकांमध्ये आहेत. लहान मुलांना आशीर्वाद देतायत."

मी म्हटलं, "शॅरन, तू म्हणालीस पापा रॅम्पवर आहेत."

"आपले पापा गं," ती म्हणाली. "सूट घालून आलेत. किती छान दिसतायत म्हणून सांगितलं."

शॅरनची चूक नव्हती. ते वाक्य मीच तिच्याकडून आठ वेळा घोटून घेतलं होतं, आणि ते नावही मीच दिलं होतं. मी कंडक्टरला सांगितलं, दुसऱ्या कडव्यानंतर थांबा, ऑर्गन हळू चालू ठेवा, मिस्सेआधीची तयारी वाटू दे. कंडक्टर शांत माणूस होता. त्याने ते इतकं सफाईने उतरवलं की मैदानात कोणालाही शंका आली नाही.

पण सिक्युरिटीचे साहेब आमचा चॅनल ऐकत होते. रॅम्पवर दोन पापा आहेत एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी हुकूम दिला, मुख्य लिस्टवर नसलेला एकही माणूस रॅम्पपाशी नको. मी मॉन्सिन्योरांना म्हटलं, ते आपलेच आहेत, तुम्ही ओळखता त्यांना.

"वृंदा," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. "मी ओळखतो. ज्याच्या हातात बंदूक आहे तो ओळखत नाही. पापा एकच असू शकतात."

त्यांचंही बरोबर होतं. मी शॅरनला सांगितलं, त्यांना माझ्याकडे घेऊन ये. त्यांच्या क्रूच्या पासावर जाता येईल अशी तेवढी एकच जागा उरली होती. हे सांगताना माझा आवाज व्यवस्थित होता. बावीस वर्षांची सवय.

ते केबिनमध्ये आले. गडद निळा सूट, त्यावर पिवळं जॅकेट, नुकते कापलेले केस. रॅम्पकडची वाट आता बंद केली होती, म्हणून शॅरनलाही सिक्युरिटीने परत जाऊ दिलं नाही, तिला बाहेरच थांबवलं. इनासकाका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि निळ्या स्क्रीनकडे बघत राहिले.

"काका, मला माफ करा," मी म्हटलं.

"तुझं काम चालू आहे," ते म्हणाले. "ते कर."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते काम मला करता येणार नाही. स्क्रीन निळाच होता. शॅरन रॅम्पवर नव्हती. कॉयरच्या जागेवरून रॅम्पचा पायथा दिसत नव्हता. मॉन्सिन्योर आता पोपच्या शेजारून चालणार, त्यांना बोलता येणार नव्हतं. पोप रॅम्पवर पाऊल कधी टाकतात हे मला सांगणारं कोणी राहिलं नव्हतं. रॅम्पच्या पायथ्याशी टीव्हीवाल्यांचा एक माइक होता, त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येत होता. त्यात गर्दी, वारा आणि खडखडाट. मला त्यातून काही कळेना.

मी दुसरा हेडफोन काकांना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले.

"गाडी थांबली," थोड्या वेळाने ते म्हणाले. मग पोप तंबूत कपडे घालत असणार, तोवर काही नाही. मग त्यांनी बोट वर केलं. "धूप निघाला."

मी ऐकलं. फार बारीक, साखळी वाजल्यासारखं काहीतरी. मिरवणुकीत सर्वांत पुढे धूपदानी असते, साखळीला लटकवलेली, आणि चालणारा ती हलवत असतो. रोज सकाळी ती आवरून ठेवणाऱ्या माणसाला तो आवाज कुठेही ओळखू आला असता. धूपदानीनंतर क्रूस, मग मेणबत्त्या, मग बिशप दोघादोघांनी, आणि शेवटी पोप. रिहर्सलला आठ वेळा काका त्या रांगेच्या शेवटी उभे होते आणि पुढचे कधी संपतात ते मोजत होते. रॅम्प प्लायवूडचा, आत पोकळ. जोडीजोडीने पावलं वाजत होती.

"अजून बारा जोड्या," ते म्हणाले. "अजून सात." मी म्हटलं, "कॉयर, स्टँडबाय." त्यांचा हात माझ्या टेबलावर होता, बोटं एकेक जोडी मोजत होती. "चार. दोन. आता थांबले सगळे. पोप तंबूच्या दारात आलेत." बाहेर एवढा मोठा कल्लोळ झाला की केबिनचा पत्रा थरथरला. त्या कल्लोळात मला काहीच ऐकू येईना. काकांनी हेडफोन घट्ट दाबला.

"आता," ते म्हणाले.

"कॉयर, गो."

गाणं सुरू झालं, पुन्हा पहिल्यापासून. यानंतर काकांना ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, गाण्याखाली सगळं बुडालं होतं. तरी ते सांगत राहिले. हळू आवाजात, मराठीत, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. रॅम्पचं वळण. आता पायरी. पाचवी. सातवी. टप्पा. इथे त्यांनी स्वतःच श्वास घेतला. मग पुढची. खुर्चीखाली त्यांचे बूट हलत होते. मी स्टॉपवॉच बघत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ आली.

"पोचले," काका म्हणाले.

गाणं संपलं. आणि शांतता झाली.

वेदीवरचा माइक उघडा होता. त्यात कपड्याची सळसळ ऐकू आली, मग काहीच नाही. हजारो माणसं पावसात उभी होती आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. मी बारा सेकंद मोजले. माझ्या शेजारी काकांनी स्वतःवर क्रुसाची खूण केली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

मग मी ऑर्गनला 'गो' दिला, कारण द्यायचा होता.

पुढची मिस्सा त्यांनी त्या केबिनमध्येच ऐकली. मिस्सेत लोकांनी म्हणायची उत्तरं पुटपुटत होते, सगळी मराठीत. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची भाकर वाटायच्या, वेळी छत्री घेऊन एक फादर मागच्या बाजूला आले, तेव्हा ते उतरून गेले आणि परत आले. तिथून स्टेजची फक्त पाठ दिसते, लोखंडी पाइप आणि केबल. स्क्रीन अखेरीस चालू झाला तो शेवटच्या आशीर्वादानंतर, पोप पायऱ्या उतरून गेल्यावर. त्यावर रिकामा रॅम्प दिसला.

"काका, बाहेर पळा," मी म्हटलं. "गाडी या बाजूने जाणार आहे."

ते पळाले. त्या गुडघ्याने जेवढं पळता येतं तेवढं. मी शेवटचे क्यू देऊन दारात आले तेव्हा ते केबिनच्या पायरीवर, टाचा उंचावून उभे होते. गाडीची वाट आणि आम्ही यांच्यामध्ये पोर्टेबल टॉयलेटांची लांब रांग होती. ती तिथे ठेवायची असं प्लॅनमध्ये मीच मंजूर केलं होतं. रांगेमागून गर्दीचा आवाज डावीकडून उजवीकडे गेला. त्या आवाजाबरोबर काकांची मान वळत गेली. मग आवाज लांब गेला.

"गेले," ते म्हणाले.

तासाभराने मॉन्सिन्योर आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ती शांतता आयुष्यभर लक्षात राहील असं सांगितलं. मी म्हटलं, ती माझी नव्हती, आणि काकांकडे बोट दाखवलं. मॉन्सिन्योर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी काकांसमोर मान लववली. काकांना फार संकोच वाटला.

लोक पांगले. क्रू मेणबत्त्या आणि गालिचे काढू लागला. सिक्युरिटी निघून गेली होती, आता कोणालाही कुठेही जाता येत होतं. मला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून मी विचारलं, "काका, एकदा वर वेदीपाशी जाऊन येता का? मी येते बरोबर."

त्यांनी स्टेजकडे बघितलं. सूटच्या बाह्या सारख्या केल्या.

"नको, बाय," ते म्हणाले. "रिकामं असताना मी आठ वेळा जाऊन आलोय."

मग त्यांनी मला त्यांच्या कोचचा नंबर विचारला. तो मला माहीत होता, कोच पार्किंगचा तक्ता माझ्याकडे होता. मी त्यांना तिथपर्यंत सोडलं आणि कोच जाईपर्यंत उभी राहिले.

मीटिंगमध्ये आमच्या कंपनीने लिहिलं, केबलवर प्लॅस्टिकचं आवरण घालावं. ते मला मान्य आहे. माझ्यापुरते मी आणखी दोन नियम केले. रिहर्सलला कोणी कोणाच्याही जागी उभं राहिलं, तरी क्यू शीटवर आणि रेडिओवर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने बोलवायचं. आणि त्याला उभं करण्याआधी त्याला विचारायचं, शोच्या दिवशी तुम्ही कुठे बसणार होतात. टीममधले नवे लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला. मी सांगते, प्रोसीजर आहे.